भुरीचे टाके

सरलाबाईने हातातली धागे कापायची कात्री बोक्याच्या अंगावर फेकली. कात्री त्याला लागली नाही, भिंतीवर आपटून खाली पडली. पण त्या आवाजाने बोका दचकला, तोंडातली कोंबडी तिथेच टाकून त्याने भिंतीवर उडी घेतली आणि पलीकडे दिसेनासा झाला. परसात पिसं उडत होती. बाकीच्या कोंबड्या खुराड्याच्या छपरावर, पाण्याच्या पिंपावर, जिथे जागा मिळाली तिथे चढून बसल्या होत्या आणि सगळ्या मिळून एकच कल्ला करत होत्या.

टाकलेली कोंबडी मेली असेल असंच सरलाबाईला वाटलं. पण ती उठली. दोन पावलं चालली, अंग झाडलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात पाण्याच्या पसरट भांड्याशी जाऊन तिने चोच बुडवली. मान वर करून पाणी गिळलं. गिळलेलं पाणी तिच्या छातीतून बाहेर आलं आणि पिसांवरून खाली ओघळलं.

ती भुरी होती. कळपातली सगळ्यांत म्हातारी.

सरलाबाईने तिला उचललं आणि पिसं बाजूला सारून पाहिलं. गळ्याखाली जिथे दाण्याची पिशवी असते तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं. कातडी फाटली होती, आतली पिशवीही फाटली होती. सकाळी टाकलेली बाजरी त्यातून दिसत होती, ओली, फुगलेली. रक्त फार नव्हतं. पण जे होतं ते लाल होतं, आणि छपरावरून उतरलेली एक तलंग, अजून अंडी न घालणारी तरणी कोंबडी, मान वाकडी करून तिकडेच बघत जवळ येत होती. कोंबड्यांचं हे सरलाबाईला ठाऊक होतं. आपल्यातलीच एक असली तरी लाल दिसलं की त्या टोचतात. एकीने टोचलं की सगळ्या टोचतात, आणि मग मांजराने सोडलेली कोंबडी कळपाच्या हातून जाते.

तिने भुरीला पदराखाली घेतलं आणि ओट्यावर आली.

तीन वर्षांत तिने कोंबड्या सांभाळायचं एकेक शिकून घेतलं होतं. सुरतेच्या कडेला गोडादऱ्याची ही सोसायटी तेव्हा शेवटचीच. मागे खाडी आणि खाडीपलीकडे ऊस. उसातून मुंगूस यायचं आणि खुराड्याखाली माती उकरायचं. तिने खुराड्याच्या चारी अंगांना हातभर खोल दगड आणि फुटक्या कपबश्या पुरल्या. घारी पिल्लं उचलायच्या. तिने परसावर आडव्यातिडव्या सुतळ्या बांधून त्यांना साड्यांच्या फाटक्या किनारी लटकावल्या. त्या वाऱ्यावर फडफडायच्या आणि घार खाली यायला कचरायची. कुत्र्यांसाठी दाराला आतून फळी लावली. पावसाळ्यात खाडीचं पाणी आत येतं म्हणून खुराडं विटांवर चढवलं. कोंबडी गेली असं वर्षातून एखाद्‌दोनदाच व्हायचं, पण झालं की ती दोन दिवस नीट जेवत नसे. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण बघायला घरात कुणी नव्हतं. चेतन, तिचा मुलगा, शहराबाहेर सचिन गावी डाइंग मिलमध्ये लागला होता आणि तिथेच चार पोरांबरोबर खोली करून राहत होता. एका रविवाराआड येईन म्हणाला होता. गेले तीन रविवार आला नव्हता.

हा बोका मात्र नवा होता. मागे खाडीकाठच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत तो कुठूनसा येऊन राहिला होता.

सरलाबाईने स्टोव्ह पेटवला. पातेलीत पाणी ठेवून त्यात सुई आणि पांढरा दोरा टाकला. लहानपणी अमळनेरजवळच्या तिच्या गावात तिच्या आईने अशीच एक कोंबडी शिवली होती. आधी आतली पिशवी, मग वरची कातडी. दोन्ही एकत्र शिवायच्या नाहीत. एवढं तिला आठवत होतं. पण आईने कोंबडी धरायला तिलाच बसवलं होतं, हेही आठवत होतं.

तिने भुरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, दोन गुडघ्यांत धरलं, मान डाव्या कोपराखाली दाबली. उकळलेल्या पाण्याने जखम पुसली. सुई लावली. भुरीने पाय झाडला, लुगडं सुटलं, सुई सरलाबाईच्या अंगठ्यात गेली. तिने परत गुंडाळलं. या वेळी पंख सुटला. तिसऱ्या वेळी एक टाका पडला आणि ओढताना फाटून निघाला. आतली पिशवी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. भुरी धापा टाकू लागली होती. तिची चोच उघडी होती.

हाक मारायला गल्लीत कुणी नव्हतं. दुपारी बारा-साडेबाराची वेळ. बाप्ये लूमवर, कापडाच्या मागांवर. चारी बाजूंनी कारखान्यांची खटखट चाललेली. समोरचा आनंदा गवंडी, नांदेडकडचा, साइटवर गेलेला. त्याची बायको गावाला. कोपऱ्यावरची गुजराती बाई कोंबडीला हात लावणारी नव्हती. उत्तरायण होऊन पंधरा दिवस झाले होते. विजेच्या तारांवर फाटके पतंग तेवढे हलत होते.

भिंतीपलीकडे कुणीतरी कपडे आपटत होतं.

कुणीतरी कशाला, रुक्मिणीच. सरलाबाईची धाकटी जाऊ. दोन भावांच्या दोन खोल्या, एकीला एक लागून. मागचं परस आधी एकच होतं. आता मधे चार फुटांची भिंत होती, आणि भिंत झाली त्या दिवसापासून दोघी जावांत एक शब्द झाला नव्हता. त्याच्या आधीही महिनाभर झाला नव्हता.

चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात शहरात प्लेग आल्याची बोंब उठली आणि दोन दिवसांत सुरत रिकामी व्हायला लागली. लोक तोंडाला रुमाल बांधून, हाती लागेल ते घेऊन पळत होते. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून टेम्पो, ट्रक, मिळेल ते करून माणसं गावाकडे निघाली होती. त्याच आठवड्यात सरलाबाईचा नवरा बन्सीलाल तापाने पडला होता. डोळे पिवळे झाले होते. कावीळ होती ती. पुढे डॉक्टरानेही कावीळच लिहून दिली. पण त्या दिवसांत ताप म्हटलं की लोक एकच नाव घ्यायचे. तीन रात्री जागून काढलेली सरलाबाई चौथ्या दिवशी दुपारी पुढच्या ओट्यावर भिंतीला टेकली, आणि टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शेजारच्या दाराला कुलूप होतं. धाकटा दीर हिलाल, रुक्मिणी, त्यांची दोन लेकरं, कुणीच नव्हतं. न सांगता गेले होते.

परसात रुक्मिणीच्या कोंबड्या राहिल्या होत्या. सहा. डालग्याखाली झाकलेल्या, वर दगड ठेवलेला. दुसऱ्या दिवशी त्या ओरडल्या. तिसऱ्या दिवशी आवाज कमी झाला, तेव्हा सरलाबाईने जाऊन दगड काढला. चार जिवंत होत्या. त्यातली एक ही भुरी. सरलाबाईने त्यांना पाणी दिलं. आत नवरा, बाहेर कोंबड्या, आणि सबंध गल्लीत कुलपं. पुढचे पाच दिवस ती या कोंबड्यांशी जितकं बोलली तितकं आयुष्यात कुणाशी बोलली नसेल. अकराव्या दिवशी बन्सीलाल गेला. खांदा द्यायला माणसं मिळेनात. आनंदा गावी गेला नव्हता. त्याने कुठून कुठून तिघे जमवले.

तीन आठवड्यांनी हिलाल आणि रुक्मिणी परत आले. हिलाल दाराशी येऊन रडला. सरलाबाईने त्याला पाणी दिलं, पण बोलली नाही. रुक्मिणी मागच्या दारात उभी राहून आपल्या कोंबड्यांकडे बघत राहिली. सरलाबाईच्या हातातले दाणे त्या खात होत्या. ती वळून आत गेली. त्यांचं नाव तिने पुढेही कधी काढलं नाही.

मग सरलाबाईने आनंदाला बोलावून परसाच्या मधून भिंत घालायला सांगितली. दोरी लावून झाल्यावर तो म्हणाला होता,

"वहिनी, कोंबड्या कोणत्या अंगाला घ्यायच्या?"

"ह्या," तिने आपल्या पायाशी बोट केलं होतं.

आता ती भुरीला छातीशी धरून त्याच भिंतीशी उभी राहिली. पलीकडे रुक्मिणी वाकून चादर पिळत होती. तिचे केस पुढून बरेच पिकले होते. हे सरलाबाईने आजच पाहिलं. नावाने हाक मारावी, तर नाव तोंडात येईना.

"दोन हात जोयजेत," ती शेवटी म्हणाली.

रुक्मिणीने वर पाहिलं. पिळलेली चादर तशीच हातात राहिली. तिने सरलाबाईकडे पाहिलं, मग तिच्या छातीशी धरलेल्या लुगड्याकडे.

"काय व्हयनं?"

"बोकानी फाडी."

"येस मी," रुक्मिणी म्हणाली आणि चादर तिथेच दगडावर टाकून निघाली.

ती पुढच्या दाराने आली. सरलाबाईने कडी काढली. रुक्मिणी उंबऱ्यात क्षणभर थबकली. समोर भिंतीवर बन्सीलालचा फोटो होता, हार सुकलेला. त्याच्याकडे बघून ती घाईने मागच्या ओट्यावर गेली आणि मांडी घालून बसली. ओले हात पदराला कोरडे करून तिने ते पुढे केले.

"कसं धरू?"

"पाठवर पाड. एक हातमा पाय, दुसरा हातमा पंख. मान मी देखस."

रुक्मिणीने धरलं. तिचे हात मोठे होते, लूमवरच्या गाठी मारून मारून बोटं राठ झालेली. पण पकड सैल नव्हती आणि घट्टही नव्हती. भुरीने एकदा जोर केला आणि सोडून दिला. सरलाबाईने भोकाभोवतीची पिसं एकेक करून उपटली. आतली बाजरी बोटाने काढली. पिशवीच्या दोन कडा चिमटीत जुळवल्या आणि पहिला टाका घातला. अलगद ओढला. टिकला.

दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. रुक्मिणीच्या अंगाला निळीचा आणि साबणाचा वास येत होता.

"भुरी शे ना ही?" रुक्मिणीने हळूच विचारलं.

"हां."

"इतला वरीस जगनी."

"जगाडी," सरलाबाई म्हणाली.

रुक्मिणीने मान खाली घातली. तिची पकड मात्र ढळली नाही. आतल्या पिशवीला चार टाके पडले. मग सरलाबाईने वरची कातडी सोडवून घेतली, दोन्ही एकमेकींना चिकटत नाहीत ना ते पाहिलं आणि कातडीला पाच टाके घातले. दोरा दाताने तोडला. हळद आणि खोबरेल तेल कालवून वर थापलं. भुरी मेल्यासारखी निपचित पडली होती, पण तिचा डोळा उघडा होता आणि मधूनमधून मिटत होता.

खाली कळप जमला होता. पिवळ्या गळ्याकडे बघत आठ-नऊ माना एकदम वर झाल्या होत्या.

"आठे नही ठेवता येवाव," सरलाबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "टोची टोची मारतीन."

"मन्हाकडे ठेव ना बाई," रुक्मिणी म्हणाली. "तठे कोनी नही टोचाले."

तिच्या परसात एकही कोंबडी नव्हती. परत आल्यापासून तिने पाळल्याच नव्हत्या. सरलाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग भुरी तिच्या पदरात दिली.

"आज काही देऊ नको. पाणी बी नही. सकाळले मी पेज दिसू."

रुक्मिणी आली तशी पुढच्या दाराने गेली. सरलाबाई ओट्यावर बसून राहिली. अंगठ्यातून अजून रक्त येत होतं. ते तिने तोंडात धरलं. धागे कापायच्या साड्यांचा गठ्ठा आत तसाच पडला होता. संध्याकाळी शेठचा माणूस येणार होता, पण ती उठली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून वाटी जाऊ-येऊ लागली. सकाळी तांदळाची पेज, दुपारी दुधात भिजवलेला पाव. पलीकडे काय चाललंय ते बघायला सरलाबाई विटेवर उभी राहायची. रुक्मिणीने भुरीला उलट्या घमेल्याशेजारी गोणपाट घालून दिलं होतं.

"खादं का?"

"थोडसं."

"पाणी गळस का?"

"नही. एक थेंब नही."

एवढंच बोलणं. पण दिवसातून तीनदा व्हायचं ते चारदा व्हायला लागलं. चौथ्यांदा विचारायला काही नसायचं. सरलाबाई विटेवर चढायची, भुरीकडे बघायची आणि उतरायची. एकदा रुक्मिणी परसात नव्हती. सरलाबाई विटेवर उभी राहिली ती पाय भरून येईपर्यंत, आणि उतरल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

बोका दोनदा येऊन भिंतीवर बसून गेला. तेव्हा आनंदाला सांगून तिने डुमसकडच्या कोळ्यांचं एक जुनं जाळं मागवलं. रविवारी तो शिडी घेऊन आला. छपराच्या वाशापासून भिंतीपर्यंत जाळं ताणायचं होतं, पण भिंतीच्या माथ्यावर खिळे मारायला पलीकडूनही कुणी हवं होतं. आनंदा काही विचारण्याआधीच पलीकडे हिलाल हातोडी घेऊन उभा होता. दोघांनी मिळून तासाभरात जाळं बसवलं. हिलाल वयापेक्षा वाकला होता. शेवटचा खिळा मारून त्याने जाळ्याला हाताने हिसका देऊन पाहिला.

"आते बोका येवाव नही, वहिनी," तो म्हणाला.

"हां," सरलाबाई म्हणाली. तीन वर्षांनी दिराला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं. तो हातोडी घेऊन आत गेला. चेतन त्याही रविवारी आला नाही.

जाळ्यामुळे वाटी आता भिंतीवरून देता येईना. एका कोपऱ्यात, जिथे जाळं थोडं सैल होतं, तिथून हात घालावा लागायचा. मंगळवारी सरलाबाईने तिथून हात घातला, पण रुक्मिणीने वाटी घेतली नाही. ती पलीकडे उभी राहून जाळ्याच्या गाठीशी बोटाने चाळा करत होती. लेकरं शाळेत गेलेली. हिलाल लूमवर.

"बाई, एक सांगानं व्हतं."

"सांग."

"त्या दिन दुफारले..." रुक्मिणी थांबली. "आम्ही निंघनूत त्या दिन. भाऊनी माले बलायं व्हतं."

"कोना भाऊनी?"

"चेतनना बापनी."

सरलाबाईचा हात तसाच पलीकडे राहिला.

"तुम्ही ओटावर निजेल व्हत्यात. त्यासनी खाटवरथीन हाक मारी. मी दारमा गऊ. त्यासनी सांगं, सरलाले उठाड आन तुमना संगे लई जा. मन्हं काय ते व्हई." रुक्मिणीने गाठीवरचं बोट काढलं. "मी हां सांगं. आन उठाडं नही तुमले."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. सरलाबाईने वाटी मागे घेतली.

"काबरं?"

रुक्मिणीने जाळं मुठीत धरलं.

"तुम्ही बी संगे उन्या असत्या ते त्यासले कोन देखतं? आसं मी मन्हा मनले सांगस. तीन वरीस सांगी ऱ्हायनू. पन खरं काय ते माले बी ठाऊक नही, बाई. माले भ्याव लागी ऱ्हायनं व्हतं. टेम्पो उभा व्हता. तुमना जवळथीन गऊ, तुमना पाय देखात, आन तशीच गऊ."

सरलाबाई विटेवरून उतरली. हातातली पेज कळपापुढे ओतली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

त्या दिवशी तिने सगळा गठ्ठा संपवला. साडी उलटी करायची, मागचे सुटे धागे कापायचे, घडी घालायची, दुसरी उचलायची. बुधवारीही तेच. विटेकडे ती गेली नाही. पलीकडून रुक्मिणीने दोनदा हाक मारली, "बाई, भुरीनी दाणा खादा." तिने पुढची साडी उचलली.

आपल्याला टाकून गेले, या एका गोष्टीवर तिची तीन वर्षं उभी होती. रुक्मिणीचा राग आला की ती गोष्ट काढायची, चेतन आला नाही की काढायची, खोलीत फार शांत वाटलं की काढायची. आताही तिने ती काढून पाहिली. राग होता, पण तो हाती लागेना. तिच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. त्या अकरा दिवसांत तो तिच्याशी जवळजवळ बोललाच नव्हता. ती कपाळावर पट्टी ठेवायची, तो डोळे मिटून घ्यायचा. ती विचारायची, तो हुंकार द्यायचा. शेवटी काही सांगूनही गेला नाही, याचं तिला फार लागलं होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तो बोलला होता. मोठ्याने हाक मारून, एवढं लांब बोलला होता. ती दहा हातांवर झोपली होती आणि तिला ऐकू आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पलीकडून भुरीचा आवाज आला. एकटी कोंबडी ओरडते तसा, थांबून थांबून. इकडच्या कळपातून कुणी तिला साद दिली नाही. नऊ दिवसांत कळपाने तिची जागा भरून टाकली होती. तिला आता परत आणून सोडलं तर परक्या कोंबडीसारखी सगळ्या मिळून हाणतील, हे सरलाबाईला दिसत होतं.

तिने कळपातली एक करडी तलंग निवडली. अंगाने बारीक, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तिला काखेत धरलं, दाराला कडी घातली आणि शेजारच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं. रुक्मिणी जमिनीवर तांदूळ निवडत बसली होती. सरलाबाईला पाहून ती उठायला गेली आणि सूप कलंडलं.

सरलाबाई तिच्या बाजूने, सांडलेल्या तांदळावर पाय न देता, थेट मागे परसात गेली. तलंगीला भुरीपासून दोन हातांवर खाली ठेवलं.

"येकलीले करमत नही तिले," ती म्हणाली. "दोन राहू दे आठेच."

रुक्मिणी मागच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही कोंबड्या मान ताठ करून एकमेकींकडे बघत होत्या. तलंगीने पिसं फुलवली. भुरीने एक पाऊल पुढे टाकून तिच्या डोक्यावर एकच टोच मारली, फार जोरात नाही. तलंग बाजूला झाली आणि माती उकरायला लागली. थोड्या वेळाने भुरीही तिथेच उकरायला लागली. गळ्यावरची कातडी जुळून आली होती. टाक्यांची टोकं पिसांतून तेवढी दिसत होती.

सरलाबाई खाली बसली. तिने उलट्या घमेल्यावर हात ठेवला. रुक्मिणी दारातच उभी होती.

"त्या बठीसन बोलनात का निजीसन?" सरलाबाईने विचारलं.

रुक्मिणीला आधी समजलं नाही. मग समजलं, ती बन्सीलालबद्दल विचारत होती. ती हळूच समोर बसली.

"बठीसन," ती म्हणाली. "खाटनी पाटी धरीसन बठनात. माले सांगं, तथीनच बोल, मजार घरमा नको येऊ."

"आन?"

"पाणी मांगं. मी..." रुक्मिणीने नजर कोंबड्यांकडे वळवली. "मी तांब्या उंबराले ठेवा, बाई. हातमा नही दिधा. त्यासनी उठीसन लिधा."

सरलाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत रुक्मिणी थांबली होती.

"उठनात?" सरलाबाई म्हणाली. "सोता उठनात?"

"हां. भितले हात लावीसन."

"मंग पाणी पिनात का त्या?"

"पिनात. तांब्याभर पिनात."

तिच्या हातून शेवटचे चार दिवस तो चमच्याचंही पाणी नीट प्यायला नव्हता. सरलाबाईने एकदा मान हलवली. कोंबड्यांनी उकरलेली ओली माती तिच्या पायावर उडाली. तिने पाय काढून घेतला नाही.

"काय घालेल व्हतं आंगमा?" तिने विचारलं.

"बंडी. चेतनना टावेल गळामा."

"हां. तीच व्हती," सरलाबाई म्हणाली. मग थोडी पुढे सरकून बसली. "तू दारमा उनी, तठेथीन सांग. काही सोडू नको."

रुक्मिणीने डोळ्यांना पदर लावला, खाली ठेवला, आणि सांगायला सुरुवात केली.